साहेबांची दोरी

फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्याला टेकून बकऱ्याच्या पाठीतली एक पांढरी, बुळबुळीत पट्टी पडलेली दिसली आणि मी किंचाळले. दिवाळी नुकतीच झाली होती. गणपती दूध प्यायला ना, त्याच वर्षीची दिवाळी. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत न येणाऱ्या माहेरातून मी आलेली, आणि माझ्या फ्रीजमध्ये हे! माझा नवरा आनंद बाहेरच्या खोलीतून शांतपणे म्हणाला, "मालती, टाकू नकोस हं ती. तात आहे. धनुष्याला लागते."

धनुष्याला! बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत गिअर बनवणारा, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला इंजिनीअर आता धनुष्य बनवणार होता. कंपनीच्याच कॉलनीत आमचं छोटंसं क्वार्टर, त्यात आम्ही दोघं आणि नववीतली दीप्ती. स्वयंपाकघर एवढं लहान, की मी पोळ्या लाटत असताना दुसऱ्या कोणाला आत यायचं तर मला आधी श्वास आत घ्यावा लागायचा. त्या स्वयंपाकघरात हा माणूस कारखाना काढणार होता.

पुण्याला एका संग्रहालयात त्यानं जुनं धनुष्य पाहिलं होतं. गॅदरिंगमध्ये रामाच्या हातात देतात तसलं बांबूचं नव्हे. घोड्यावरच्या शिपायांचं, आखूड. मध्ये लाकूड, पोटाच्या म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूनं म्हशीचं शिंग, पाठीच्या म्हणजे बाहेरच्या बाजूनं जनावराच्या स्नायूंचे तंतू, हीच ती तात, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवायला कातडं उकळून केलेला सरस. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स तो घेऊन आला होता आणि ती जेवताना मला वाचून दाखवायचा. शिंग दाबलं की उसळतं, तात ताणली की मागे ओढते, म्हणून बाण दुप्पट लांब जातो. मी ताट बाजूला सारायचे. "अगं, विज्ञान आहे हे!" असेल बाबा. पण वरणभात कालवताना कातड्याचं विज्ञान कोणाला हवं असतं?

सामान आणून द्यायचे ते जोतीराम. कंपनीत स्टोअरला होते, गाव शेळगाव. त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत घरी मेंढरांचा मोठा कळप होता, आता शेती होती. पिशवी माझ्या हातात देताना त्यांचाच चेहरा ओशाळलेला असायचा.

"वहिनी, जत्रंतल्या बकऱ्याची हाय. ताजी हाय. आमी तर ह्ये कुत्र्याला टाकतो. सायेबास्नी कशाला लागतंय, काय की!"

मग त्यांची एक म्हैस म्हातारी होऊन मेली आणि तिची शिंगं गोणपाटात बांधून आमच्या दारात आली. शिंगाच्या आत हाड असतं हे मला तेव्हा कळलं. ते कुजून सुटावं म्हणून आनंदनं शिंगं पाण्यात भिजत घातली, आणि बादली घेतली ती माझी, कपडे भिजवायची. चार-पाच दिवसांत बादलीवर असा काही तवंग आला, की त्याचं वर्णन मी करणार नाही. त्यात काहीतरी वळवळत होतं एवढंच सांगते. मी ती बादली पुन्हा घरात घेतली नाही. आनंद म्हणाला, "डेटॉल टाकलं की झालं." ज्याला बादली आणि देवघर यांच्यात डेटॉलपुरताच फरक वाटतो त्याच्याशी काय बोलणार?

सरस शिजवायला त्यानं माझं दुधाचं पातेलं उचललं. कातड्याचे तुकडे, तातेची कात्रणं, सगळं मंद आचेवर दिवसभर. उकळी येऊ द्यायची नाही म्हणे, उकळला की सरस मरतो. तो मरो न मरो, मी मरत होते. तो वास नाकात शिरत नसे, जिभेवर बसत असे. खिडकीच्या पडद्यांना, दीप्तीच्या शाळेच्या युनिफॉर्मला, गव्हाच्या पिठाला तोच वास. भांडी घासायला येणाऱ्या कुशाबाईंनी पातेलं एका बोटानं माझ्याकडे सरकवलं.

"वैनी, ह्ये म्या घासायची न्हाय. काय मेलंय ह्यात?"

त्याहून किळसवाणं म्हणजे तात मऊ करायची त्याची रीत. पुस्तकात लिहिलं होतं, की जुने कारागीर ती तोंडात धरून मऊ करायचे. झालं! पेपर वाचताना हा गालात बकऱ्याची तात धरून बसायचा आणि त्याच तोंडानं मला म्हणायचा, "मालती, चहा टाक ना." त्या दिवसांत मी त्याच्याशी तोंड फिरवून बोलायचे. लाडात आला तर उठून ओट्याशी जायचे. भांडण नव्हतं, नुसती शिसारी होती.

तरीही त्या धनुष्यात माझा हात गेला, तो केवळ रागानं. सुकलेली तात लाकडी हातोडीनं ठेचली की तिचे तंतू सुटे होतात. आनंद ते सोडवायला बसायचा आणि त्याच्या जाड बोटांत त्यांचे गुंतवळ व्हायचे. एका दुपारी मी शेजारी बसून लाखवातीच्या वाती वळत होते. तो ओढतोय, तुटतंय, चरफडतोय. माझ्याच्यानं बघवेना. पदर नाकाला लावला आणि त्याच्या हातातून ती जुडी हिसकावली.

"अरे, मधून काय ओढतोस? टोकाकडून सोडव. अंगठ्यानं वळसा दे आणि सोड. वात वळतात तसं."

झरझर तंतू सुटत गेले. आनंद तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्या दिवसापासून पाठीचं काम माझ्याकडे आलं. तंतू लांबीप्रमाणे निवडायचे, जुडी करायची, कोमट सरसात बुडवायची, दोन बोटांत निपटायची आणि धनुष्याच्या मधून टोकाकडे बसवत न्यायची. वरून दीप्तीच्या उवांच्या फणीनं विंचरायचं. पिवळट चिकट पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. मी देवघराकडे बघून माफी मागायचे आणि पुढची जुडी उचलायचे. का? कारण मला ते जमत होतं. जे काम जमतं ते अर्धवट टाकायचा माझा स्वभाव नाही. थरावर थर चढत गेले. त्या धनुष्याची अख्खी पाठ माझी होती, पहिल्या तंतूपासून शेवटच्यापर्यंत.

उन्हाळाभर ते माळ्यावर वाळत पडलं. तात वाळेल तशी आक्रसत गेली आणि धनुष्य पाठीच्या बाजूला वळत वळत जवळजवळ गोल झालं. दोन्ही टोकं एकमेकांना भेटायला निघालेली. मला वाटलं, बिघडलं. एवढी घाण उपसली ती फुकट गेली म्हणून रडूच आलं. आनंद हसला.

"अगं, असंच हवं. अशा धनुष्याला या बाकात दोरी बांधायची नसते. याला गरम करायचं, पूर्ण उलटं वळवायचं आणि मग दोरी चढवायची. शिंग आत, तात बाहेर. सगळी ताकद त्या उलटण्यात आहे. आहे त्या बाकात दोरी बांधून ओढलं तर शिंग सुटेल आणि सगळं फाटेल. या एका गोष्टीत चूक झाली, की संपलं."

हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं, की दीप्तीसुद्धा जेवताना त्याची नक्कल करायची. "शिंग आत, तात बाहेर!"

भाद्रपदात आम्ही ते जोतीरामांच्या शेतावर नेलं. त्यांच्या बायकोनं, म्हाळसाबाईंनी, चुलीतले निखारे घमेल्यात काढून दिले. धनुष्य शेकलं, मग आनंदनं ते मांडीखाली धरलं, मी दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ते उलटं वळवलं. आतून करकर आवाज येत होता. दोरी बसली. आनंदनं बाण सोडला, मग धनुष्य माझ्या हातात दिलं. "तू मार."

"वैनी, वाईच जपून," म्हाळसाबाई म्हणाल्या. "म्हस हाय तितं."

मी ओढलं. पाठीवरची तात ताणली गेली ती मला बोटांत कळली. बाण सुटला, कडब्याच्या पेंढीतून आरपार गेला आणि मागच्या बांधाच्या मातीत रुतला. मी मोठ्यांदा हसले. जोतीरामही हसले. मी आनंदला म्हटलं, "मी केलंय हे!" तो म्हणाला, "आपण." मला तेवढं पुरलं. घरी परतताना एसटीत मी ते धनुष्य माझ्या मांडीवर घेऊन बसले होते आणि मला कसलाच वास येत नव्हता.

मग खंडेनवमी आली. कंपनीत दर वर्षी यंत्रांची पूजा असायची. लेथला झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू, सगळ्या कुटुंबांना बोलावणं. पूजा आमचे मोठे साहेब करायचे. उमदा माणूस, हसतमुख, कामगारांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा. त्या वर्षी प्लँट मॅनेजरची जागा रिकामी होणार होती आणि आनंदचं नाव चर्चेत होतं. दोरी काढल्यावर पुन्हा गोल झालेलं धनुष्य तसंच पूजेत ठेवायचं, मग मैदानात सगळ्यांसमोर शेकून दोरी चढवायची आणि बाण मारून दाखवायचा असं त्यानं ठरवलं होतं. मी धुवट साडी नेसले. त्या धनुष्याला मी स्वतः हळदकुंकू वाहिलं, एकच बोट, कोरडं, कारण पाणी लागलं तर सरस विरघळतो.

पूजा झाली. साहेबांचं लक्ष धनुष्याकडे गेलं.

"वा, भडकमकर! हे तुम्ही केलंत?"

"हो सर," आनंद म्हणाला. मी शेजारीच उभी होते. आपण हा शब्द कुठे गेला असं मनात आलं, पण म्हटलं असू दे, साहेबांसमोर माणूस गडबडतो.

साहेबांनी ते उचललं, फिरवून पाहिलं. "आणि दोरी अशी बाजूला का? खंडेनवमीला शस्त्र कसं सज्ज हवं!" लोक हसले. साहेबांनी दोरी घेतली आणि धनुष्य ज्या बाकात होतं त्याच बाकात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कौतुकानं बांधायला सुरुवात केली. दोरी लांब पडत होती तर तिला गाठी मारल्या. फोटोग्राफर पुढे आला.

मी आनंदकडे पाहिलं. तो बघत होता. त्याला दिसत होतं. वर्षभर मला जेवू न देता जे सांगितलं ते त्याच्या डोळ्यांसमोर उलटं घडत होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर एक हसू होतं, ओठ ताणून चिकटवलेलं. साहेब एकेक गाठ सावकाश मारत होते. थांबवायला वेळ भरपूर होता.

"आनंद, उलटं चाललंय," मी हळूच म्हटलं.

त्यानं माझा हात धरून करकचून दाबला. "गप्प बस. फोटो काढतायत."

"भडकमकर, असं ओढायचं ना?" साहेबांनी विचारलं. विचारलं त्यांनी! "हो सर, अगदी बरोबर," माझा नवरा म्हणाला.

साहेबांनी कानापर्यंत ओढायला हात मागे नेला. अर्ध्यातच कडाक्कन आवाज झाला. शिंग सुटून वर उसळलं, एक टोक साहेबांच्या चष्म्याला लागलं आणि माझी पाठ, तंतू तंतू विंचरून बसवलेली माझी पाठ, ओल्या सालीसारखी सुटून खाली लोंबायला लागली. आतला सरस, लाकूड, सगळं उघडं पडलं. 

"सर, लागलं का?" आनंद धावला. धनुष्याकडे नाही, चष्म्याकडे.

साहेब गोरेमोरे झाले होते. "अहो, कच्चं होतं की काय हे?"

आणि आनंद हसला. मोकळं, मोठ्यांदा. "सर, पाठीचं काम मिसेसनं केलं होतं. देवाच्या वाती वळतात ना, तसंच! मी तेव्हाच म्हणत होतो, हे टिकायचं नाही."

सगळे हसले. नेहमी हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बायकाही हसल्या. माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. बादलीतली ती वळवळ बघताना आलं नव्हतं, सरसाच्या पातेल्यावरची साय बघताना आलं नव्हतं. मी गिळलं आणि बोलले.

"साहेब, तुम्ही दोरी उलट बाजूनं बांधलीत. असं ओढलं की ते फाटतंच. यांना दिसत होतं."

हसणं थांबलं. साहेबांनी हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं, मग आनंदकडे. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, मग सांगायचं की मला! मला काय कळतंय यातलं? वर्षाची मेहनत तुमची..." ते माझ्याकडे वळले. "वहिनी, खरंच माफ करा."

इथे तरी थांबायचं. इथे तरी एक शब्द खरा बोलायचा. साहेबांनी दार सताड उघडून दिलं होतं. आनंदनं दोन्ही हात हलवत म्हटलं, "नाही सर, नाही सर, तिला काय कळतंय! दोरी तुमची बरोबरच होती."

साहेब त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत राहिले, मग प्रसादाच्या रांगेकडे गेले. मी तुकडे पदरात गोळा केले. आनंद मदतीला वाकला नाही, तो साहेबांच्या मागे गेला होता. जोतीराम तेवढे आले आणि दोरीच्या गाठी सोडवत म्हणाले, "लई वंगाळ झालं, वहिनी." मग सोडवलेली दोरी त्यांनी माझ्या पदरात टाकली.

घरी आल्यावर तो माझ्यावर ओरडला. चारचौघांत साहेबांची चूक काढलीस, माझं नाव होतं त्या जागेसाठी, तुला संसाराची अक्कल आहे का. धनुष्याबद्दल एक अक्षर नाही. मी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मी त्याला विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?" तो म्हणाला, "वस्तू आहे ती, मालती." दीप्ती दारात उभी राहून ऐकत होती. तिनं त्याची नक्कल पुन्हा कधी केली नाही.

जागा त्याला मिळाली. माझ्या बोलण्यानं काही बिघडलं नाही हे कळल्यावर तर तो माझ्याशी फार गोड वागायला लागला. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो पिशवी घेऊन आला. ओट्यावर कागद पसरला आणि त्यावर ताजी, पांढरी, ओली तात ठेवली. शेजारी त्यानं काढलेलं एक चित्र ठेवलं, पट्टीनं, नीट मापं टाकून.

"साहेबांना भेट द्यायचं म्हणतोय. त्यांच्या हॉलमध्ये लावायला. शोभेचं."

मी चित्र पाहिलं. दोरी बाकाच्या आत होती. शिंग बाहेर, तात आत.

"आनंद, हे उलटं आहे."

"माहीत आहे गं. पण साहेबांनी तसंच बांधलं होतं ना, आणि फोटोही तसाच आलाय, फ्रेम करून केबिनमध्ये लावलाय त्यांनी. आता सरळ करून दिलं तर त्यांना टोचल्यासारखं नाही का होणार? भिंतीवर कोण ओढून बघतंय?" त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, प्रेमानं चोळला. "पाठ मात्र तूच कर. तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. मी सगळ्यांना सांगतो."

मी तातेकडे पाहिलं. तिच्यावर एक माशी बसली होती. मला काहीच झालं नाही. बकऱ्याची पाठ होती ती, एवढंच.

मी हात सोडवून घेतला, मोरीत गेले आणि साबण घेतला. बोटं धुतली, तळवा धुतला, मनगट धुतलं. बाहेरून आनंद हसत म्हणाला, "अगं, काय हे! तू अजून हातसुद्धा लावला नाहीस तिला!"

"माहीत आहे," मी म्हटलं आणि पुन्हा साबण लावला.